दाखल्याविना एक महिना: काय वाचलं, काय ऐकलं

महिना संपला की काय वाचलं, काय ऐकलं, कुठल्या पॉडकास्टमुळे बसमधला वेळ बरा गेला, हे लिहून काढायची मला सवय आहे. ही यादी मी मित्रमैत्रिणींना पाठवते. कुणी तरी त्यातलं एखादं पुस्तक वाचतं, मग फोनवर वाद होतो आणि पुढच्या महिन्याच्या वाचनाची सोय होते. या वेळची यादी तुमच्यासमोर ठेवते आहे, कारण या महिन्यात मी स्वतःला एक अट घातली होती आणि तिच्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

अट साधी होती. मराठी मुसलमानांचं लिखाण, गाणं, बोलणं यांच्याकडे महिनाभर दाखला म्हणून बघायचं नाही.

दाखला म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात, ऑफिसात, भाड्याची खोली बघायला गेल्यावर कुणी तरी कौतुकानं म्हणतं, “अरे वा, तुमचं मराठी किती छान आहे!” म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण आपल्याला ते टोचतं. मग आपण पाठ असलेली यादी म्हणून दाखवतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेखांनी मैदानं दणाणून सोडली. यू. म. पठाण १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष फ. म. शहाजिंदे होते. यादी खरी आहे. तिच्यातली माणसं मोठी आहेत. पण यादी म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ‘योगसंग्राम’ उघडून बघितलाय? अमर शेखांची एक तरी कविता वाचलीय?

जन्माचा दाखला आपण फाइलमध्ये ठेवतो, वाचत बसत नाही. तसंच या माणसांचं झालंय. गरज पडली की काढायची, दाखवायची, परत ठेवायची. म्हणून ठरवलं की महिनाभर कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. फक्त वाचायचं आणि ऐकायचं.

हमीद दलवाई: ‘इंधन’

हमीद दलवाई हे नाव घेतलं की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. १९६६ साली मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा नेणारे, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे दलवाई कुणाला पटतात, कुणाला अजिबात पटत नाहीत. मला इथे तो वाद मिटवायचा नाही. मला एवढंच विचारायचं आहे की दोन्ही बाजूंच्या किती लोकांनी १९६५ साली आलेली ही कादंबरी वाचली आहे?

‘इंधन’चा निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो. घर, वडील, भाऊ, शेजारी, मशीद, शिमगा सगळं ओळखीचं असतं आणि सगळंच थोडं बदललेलं असतं. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, बौद्ध आहेत, ब्राह्मण आहेत. प्रत्येकाचा दुसऱ्याशी जमिनीचा, मानपानाचा किंवा बायकांवरच्या हक्काचा काही ना काही जुना हिशेब आहे. एकेक काडी जमा होत जाते. ठिणगी कुठून पडली, हे शोधण्यापेक्षा इतकं सरपण रचलं कुणी, हे ही कादंबरी बघायला लावते. उत्तर असं येतं की थोडं थोडं सगळ्यांनीच.

मला सगळ्यात आवडली ती तिच्यातली अलिप्त नजर. निवेदक आपल्या माणसांवर माया करतो, पण त्यांची वकिली करत नाही. समोरच्यांनाही राक्षस करत नाही. आज कुठल्याही गावात तणाव झाला की तासाभरात आपल्या फोनवर दोन तयार गोष्टी येऊन पडतात, एक त्यांची आणि एक आपली. दोन्हींत गाव कुठेच नसतं. ‘इंधन’मध्ये गाव आहे. भाषणातले दलवाई पटले नाहीत तरी कादंबरीतले दलवाई वाचा. माणूस एका मतापेक्षा मोठा असतो, हे आपण इतरांकडून स्वतःसाठी मागतो. मग ते दलवाईंना द्यायला काय हरकत आहे?

मलिका अमर शेख: ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’

हे आत्मचरित्र १९८४ चं. इंग्रजीत वाचायचं असेल तर जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१६ मध्ये आला आहे. मलिका ही अमर शेखांची मुलगी. शाहीर गेले ते १९६९ साली, म्हणजे ती लहान असतानाच. पुढे तिनं दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या कवी नामदेव ढसाळांशी लग्न केलं. वडील लोकशाहीर, नवरा बंडखोर कवी, ती स्वतः कवयित्री. मंचावरून सांगायला किती छान दाखला! आणि पुस्तक या दाखल्याच्या चिंध्या करतं.

घरातली मारहाण, आजारपण, पैशांची ओढाताण, मुलासाठीचा जीव तोडणारा झगडा हे सगळं ती लिहिते, आणि स्वतःलाही सोडत नाही. ढसाळांची कविता मोठी आहे, हेही तिला मान्य आहे. पण ज्या चळवळीनं जगाला माणुसकी शिकवायचा विडा उचलला, तिच्या पुढाऱ्याच्या घरातल्या बाईला ती माणुसकी मिळाली का, हा तिचा प्रश्न आहे. उत्तर तिनं शेजारपाजारी काय म्हणतील याची पर्वा न करता दिलं.

हे पुस्तक मी आपल्या, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांत काम करणाऱ्या मुलामुलींसाठी मुद्दाम यादीत ठेवते आहे. आपण सभा घेतो, निवेदनं देतो, संविधानाची उद्देशिका वाचतो. त्या सभेनंतर खुर्च्या कोण उचलतं, चहा कोण करतं आणि फोटोत पुढे कोण असतं, हेही कधी तरी मोजायला हवं. ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून घरातली कुठली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हे ठरवतं कोण? समाजावर बाहेरून दबाव असताना आतल्या बाईनं गप्प बसावं, असं आपल्याला अनेकदा सुचवलं जातं. मलिकानं ते ऐकलं नाही आणि त्यामुळे ना तिचे वडील लहान झाले ना चळवळ. उलट पुढच्या मुलींना बोलायला जागा झाली.

रख्शंदा जलील: ‘बट यू डोंट लुक लाइक अ मुस्लिम’

२०१९ मध्ये आलेला हा इंग्रजी निबंधसंग्रह. ‘पण तू मुसलमान वाटत नाहीस’ हे शीर्षकच आपल्या ‘तुमचं मराठी किती छान’ची दिल्लीतली सख्खी बहीण आहे. अस्मिता, संस्कृती, साहित्य, धर्म असे चार भाग आहेत. भाषा सोपी आहे आणि एकेक निबंध लोकलच्या एका फेरीत संपतो.

आवडलं खूप, पण एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. या पुस्तकातलं मुसलमान असणं दिल्लीचं, उत्तरेचं, उर्दू अदबीचं आहे. ते खरंच आहे, पण ते माझं नाही. माझ्या दादीला गालिब ठाऊक नव्हता. तिला जात्यावरच्या ओव्या येत होत्या आणि पंढरीची वारी गावातून जायची तेव्हा दिंडीला पाणी देण्याची पाळी कुठल्या गल्लीची, हे पाठ होतं. सांगोल्याचा बागवान, मिरजेचा शिकलगार, दापोलीचा कोकणी मुसलमान, बीडचा ऊसतोड मजूर यांचे निबंध अजून लिहायचे आहेत. ते दिल्लीतून लिहिले जाणार नाहीत. मराठीत लिहावे लागतील आणि आपल्यालाच लिहावे लागतील.

गाणं: तीन मिनिटांचे अब्दुल करीम खाँ

या महिन्यात कानात सगळ्यात जास्त वेळ कोण राहिलं असेल तर किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. यूट्यूबवर त्यांच्या जुन्या तबकड्या आहेत. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. रीलच्या जमान्यात आपल्याला हे परवडायला हरकत नाही. पहिल्यांदा खरखर ऐकू येते, आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. दोनदा ऐका. तिसऱ्यांदा खरखर विसरायला होते आणि तो अणकुचीदार, थोडा रडवेला सूर उरतो. त्यांनी ख्याल, ठुमरी गायली, मराठी नाट्यपदंही गायली.

खाँसाहेब १८७२ साली उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी जन्मले आणि मिरजेचे होऊन गेले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात तब्येत बिघडली म्हणून सिंगापेरुमाल कोईलच्या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. दफन मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही मैफली होतात. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. पुण्यात डिसेंबरात सवाईला जाणाऱ्यांपैकी अनेकांना या साखळीचं पहिलं टोक माहीत नसतं.

इथेही दाखला तयार आहे, ‘गंगाजमनी तहजीब’ लिहिलेल्या पाटीसकट. पण त्यांच्या घराची गोष्ट त्या पाटीत मावत नाही. बडोद्यातल्या सरदार घराण्यातल्या ताराबाई मानेंबरोबर ते निघून आले. मुलं झाली. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वतीबाई राणे झाल्या. तिघांनीही गाणं मोठं केलं. या गोष्टीत प्रेम आहे, मोडलेला संसार आहे, बदललेली नावं आहेत आणि सगळ्यांना पुरून उरलेला सूर आहे. कुणाचा विजय, कुणाचा पराभव हे ठरवायला गेलं की गोष्ट हातातून निसटते. मला ती तशीच, न सुटलेली आवडते.

मिरजेचं नाव निघालंय तर आणखी एक. तिथल्या सतारमेकर गल्लीतून एकदा फिरून या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात वाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं पहिलं मोठं नाव. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव होतं, पण भोपळा वाळवून, कोरून, जवारी काढायला बसणारा मुलगा त्यानं आपोआप मिळत नाही. ही वाद्यं करणाऱ्यांच्या घरी आज कुणाला काय शिकावंसं वाटतंय, यावर कुणी तरी पॉडकास्ट करावा. मी पहिली श्रोती.

पॉडकास्ट: एक शब्द, अनेक घरं

‘द क्विंट’चा ‘उर्दूनामा’ हा पॉडकास्ट फबेहा सय्यद करतात. एका भागात बहुधा एकच उर्दू शब्द घ्यायचा, त्याचं मूळ, त्याच्या छटा, शायरीतला त्याचा वापर सांगायचा. भाग छोटे असतात, शिकवण्याचा आव नसतो. ज्यांना उर्दू लिपी येत नाही पण कान उर्दूवर वाढलेत, म्हणजे आपल्यातले निम्मे लोक, त्यांच्यासाठी हे छान दार आहे.

ऐकता ऐकता मला खेळ सुचला. तो शब्द मराठीत काय करतो, ते बघायचं. माधव ज्युलियनांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ काढला होता. तो चाळला की गंमत वाटते. अर्ज, वकील, कायदा, तारीख, जिल्हा, तालुका, हिशेब. तहसील कार्यालयाच्या रांगेत आपण जे बोलतो, त्यातलं बरंचसं अरबी-फारशीतून आलेलं आहे. आणि हो, ‘दाखला’सुद्धा! जो शब्द वापरून आपल्याकडे पुरावा मागितला जातो, तोच अरबीतून मराठीत येऊन इथला झालाय. त्याच्याकडे कुणी रहिवासाचा पुरावा मागत नाही.

उलट वाटही आहे. आपल्या घरातली दख्खनी ऐका. ‘मेरेकू नक्को’ यातलं ‘नक्को’ मराठीचं. ‘मैंच’, ‘वोच’ यातला ‘च’ही मराठीचाच. उत्तरेकडचा पाहुणा आला की आपण ही बोली लपवतो, अशुद्ध उर्दू म्हणून. मराठी वर्गातही लपवतो, अशुद्ध मराठी म्हणून. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसऱ्यानं ‘किताब-ए-नौरस’ दख्खनीत रचली तेव्हा त्याला लाज वाटली नव्हती. गुलबर्ग्याच्या सुलेमान खतीबांची दख्खनी शायरी ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळते. सासू-सुनेच्या भांडणावर हसता हसता गळा दाटून येतो. अम्मीला ऐकवली, तिनं दोनदा लावायला सांगितली.

मराठीत रोजच्या बातम्यांसाठी बीबीसी मराठीचा ‘सोपी गोष्ट’ ऐकते. एक विषय, थोडा वेळ, आरडाओरडा नाही. टीव्हीवरच्या चर्चेनंतर डोकं धुऊन घ्यायला बरं पडतं.

आणि हळूहळू: ‘योगसंग्राम’

हा महिन्याभरात संपणारा ग्रंथ नाही. जुनी मराठी आहे, अडखळायला होतं. म्हणून झोपण्याआधी दहा ओव्या, एवढंच ठरवलं आणि अजून पुष्कळ बाकी आहेत. शेख महंमद मनाशी चाललेल्या लढाईबद्दल लिहितात. देवाच्या नावावर ढोंग करणाऱ्यांना, मग ते कुठल्याही वेषातले असोत, ते मोकळं सोडत नाहीत. भाषणात आपण त्यांना सलोख्याचं प्रतीक म्हणतो. वाचताना कळतं की हा माणूस चांगलाच कडक होता आणि सगळ्यांना सोयीचा नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आजच्या वातावरणात दाखले लागतातच. शाळेच्या पुस्तकात आपली नावं नसतील तर ती सांगावी लागणारच. कुणी उठून ‘तुमचं इथे काय?’ विचारतं तेव्हा गप्प बसायचं का?

गप्प बसायचं नाही. नावं सांगायची, पुस्तकांत यावीत म्हणून भांडायचंही. पण मला दोन गोष्टी दिसतात. एक, ज्यानं मुद्दाम विचारलंय त्याचं समाधान कुठल्याच यादीनं होत नाही. तो पुढचा दाखला मागतो. दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. सतत दुसऱ्याला दाखवण्यासाठी आपली माणसं वापरली की आपल्याला त्यांचा सोयीचा तेवढाच भाग उरतो. दलवाईंची कादंबरी जाते, मलिकाचा राग जातो, खाँसाहेबांचं मोडलेलं घर जातं, शेख महंमदांचा कडकपणा जातो. उरतात गुळगुळीत फोटो. त्या फोटोंशी विशीतल्या मुलाला बोलता येत नाही. त्याला प्रेमात, नोकरीत, घरात, श्रद्धेत जे अडतं, त्यावर फोटो काही सांगत नाही. अडचणीत सापडलेली, चुकलेली, चिडलेली माणसं सांगतात. बातम्यांमध्ये आपण ‘प्रश्न’ असतो. निदान आपल्या पुस्तकांच्या कपाटात तरी आपण माणसं असायला हवीत.

म्हणून तुमच्यासाठी तीन छोटी कामं. या यादीतलं एक पुस्तक तुमच्या गावच्या वाचनालयात आहे का बघा, नसेल तर मागणी नोंदवा. वाचनालयं मागणी आली की पुस्तकं घेतात. अब्दुल करीम खाँची एक तबकडी तीनदा ऐका, पहिल्यांदा आवडली नाही तरी. आणि घरात दादी-नानी, दादा-नाना असतील तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. लग्नातली गाणी, शेताचे वाद, मोहर्रमचे ताबूत, जुन्या भांडणातलं खरं कारण, जे आठवेल ते. मधे ‘शुद्ध’ करू नका.

पुढच्या महिन्यासाठी अमर शेखांचा ‘कलश’ हा कवितासंग्रह शोधते आहे. मुलीच्या पुस्तकानंतर आता बापाची कविता. तुमच्याकडे जुनी प्रत असेल तर कळवा. वाचून परत करीन, आणि आवडली नाही तर तसंही सांगेन.